स्टेरॉइडचा नेझल स्प्रे: माझा अनुभव

धुळीच्या ॲलर्जीने मी हैराण झाले होते. सकाळी शिंकांची रांग, दिवसभर चोंदलेलं नाक, रात्री तोंडाने श्वास. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी फ्लुटिकासोनचा स्प्रे लिहून दिला. स्टेरॉइड आहे म्हटल्यावर मी तिथेच विचारलं, "डॉक्टर, याची सवय नाही ना लागणार?"

सवय लागते ती झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनसारख्या औषधांची, ते म्हणाले. ती मिनिटांत नाक मोकळं करतात, पण 3 ते 5 दिवसांच्या पुढे चालू ठेवली की असर उतरताच नाक आणखी चोंदतं. स्टेरॉइड स्प्रेचं तसं होत नाही. तो नाकातल्या अस्तराची सूज उतरवतो, आणि फ्लुटिकासोनचा 2 टक्क्यांहूनही कमी भाग रक्तात पोचतो. बेक्लोमेथासोन, बुडेसोनाइड ही अशाच स्प्रेमधली दुसरी स्टेरॉइडं त्या मानाने जास्त शोषली जातात. म्हणून दुसऱ्याची बाटली उचलून वापरायची नाही.

मग त्यांनी मला प्रश्न विचारले. काचबिंदू, मोतीबिंदू आहे का? नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालंय का? दम्याचा इन्हेलर चालू आहे का? एचआयव्हीवरच्या उपचारात असणाऱ्या रिटोनाविरबद्दलही विचारलं, कारण त्याच्यामुळे फ्लुटिकासोन शरीरात साठत जातं. एवढी चौकशी झाल्यावर माझी अर्धी भीती तिथेच गेली.

खरी शिकवणी पुढे होती. नाक हलकेच शिंकरायचं, बाटली हलवायची, नवी असेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत फवारायचं. मान मागे न टाकता जराशी पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्या नाकपुडीसाठी उजवा. असा हात आडवा आला की टोक आपोआप नाकाच्या मधल्या पडद्यापासून दूर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. पडद्यावर रोज फवारा बसला तर तो कोरडा पडतो, खपल्या धरतात, घोळणा फुटतो. क्वचित पडद्याला भोकही पडतं. फवारताना श्वास अगदी हळू घ्यायचा. जोरात ओढलं तर औषध घशात उतरतं आणि कडवट चव येते. त्यांनी हे सगळं माझ्याकडून आरशासमोर करून घेतलं, आणि मला वाटतं प्रत्येक रुग्णाकडून ते करून घ्यायलाच हवं.

सुरुवातीचे दिवस निराशेचे गेले. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात हे आधीच सांगितलं होतं, म्हणून टिकले. शिंका आधी थांबल्या, नाक नंतर मोकळं झालं. मध्ये रुमालावर रक्ताची बारीक रेघ दिसली. डॉक्टरांनी आत बघून थोडे दिवस स्प्रे बंद ठेवला, सलाइनने नाक ओलं ठेवायला सांगितलं आणि मग पुन्हा सुरू केला.

आराम पडल्यावर डोस उतरवला: प्रत्येक नाकपुडीत रोज दोन फवाऱ्यांऐवजी एक. लक्षणं आटोक्यात राहतील तेवढा कमीत कमी डोस, हेच त्यांचं धोरण. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी डोळे तपासून घ्यावेत असं त्यांनी सांगितलं, मी घेतले. मुलांना देत असाल तर उंचीची नोंद ठेवणं फार गरजेचं आहे. काही मुलांत वाढीचा वेग किंचित मंदावतो.

टोक चोंदलं तर सुई घालू नका, भोक मोठं होऊन डोस बिघडतो. काढून कोमट पाण्याने धुवा. लेबलवर लिहिलेले फवारे संपले की बाटलीत औषध दिसत असलं तरी ती टाकून द्या, कारण पुढच्या फवाऱ्यांत पूर्ण डोस येईलच असं नाही.