खासबागेतल्या कुस्त्या आणि चितपटीची फ्रेम

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या जुन्या कुस्त्यांच्या मिनी डीव्ही टेपा (हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल कॅसेट) काँप्युटरवर उतरवून झाल्या. आता प्रत्येक फाइलला एक चित्र हवंय, बघताक्षणी जोड ओळखू येईल असं. सगळं काम टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून, एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅमवर चाललंय.

त्यात व्हिडिओवरच्या एकेका कामाला एकेक फिल्टर असतो. सुरुवात 'थंबनेल' फिल्टरनं केली. तो फ्रेम्सचे, म्हणजे व्हिडिओतल्या सुट्या चित्रांचे, गठ्ठे करतो, वेगळं सांगितलं नाही तर शंभराचे. प्रत्येक गठ्ठ्यातल्या रंगछटांची सरासरी काढतो आणि तिच्या सगळ्यात जवळची फ्रेम उचलतो. लग्नाच्या व्हिडिओला हे झकास. पण कुस्तीत बराच वेळ नुसती खडाखडी, मागं लाल माती आणि गच्च भरलेलं मैदान. मग चित्रही तेच मिळतं. पाठ मातीला लागते तो क्षण सरासरीत बसायचा कसा? 'सिलेक्ट' फिल्टरला सीन बदलाचा आकडा 0.4 देऊनही पाहिलं. कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केलाय तेवढ्या जागा त्यानं बरोबर दाखवल्या, डाव एकही नाही. माझं मत आता पक्कं झालंय: कुस्तीचं चित्र माणसानंच निवडावं, यंत्रानं शोध सोपा करून द्यावा.

त्यासाठी तक्ते काढतोय, म्हणजे एका पानावर ओळीनं मांडलेली छोटी चित्रं. 'एफपीएस' फिल्टरला एक भागिले दहा, म्हणजे दर दहा सेकंदांना एक फ्रेम, मग आकार लहान करायला 'स्केल', मग चौकटी मांडायला 'टाइल' सहा बाय पाच. पाच मिनिटांची कुस्ती एका पानावर येते. 'ड्रॉटेक्स्ट'नं प्रत्येक चौकटीवर वेळ छापतो, आणि तो फिल्टर साखळीत 'एफपीएस'च्या आधी ठेवायचा. नंतर ठेवला तर दहाच्या पटीतली गोल वेळ छापली जाते आणि खऱ्या फ्रेमपासून काही सेकंद चुकते. स्केलला 256 बाय 192 दिलंय, कारण डीव्हीची फ्रेम 720 बाय 576 असली तरी पिक्सेल चौरस नसतात. ते तसंच सोडलं तर पैलवान बारीक दिसतात.

फक्त कीफ्रेम (अधूनमधून पूर्ण साठवलेल्या फ्रेम्स) वाचून वेळ वाचवायची युक्ती मोबाइलवरच्या एच.264 फाइलींना छान चालते. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रच साठवलेली असते, त्यामुळे तिथं काहीच गाळलं जात नाही.

या टप्प्यातली सगळ्यात मोठी कमाई 'यादिफ' या फिल्टरची. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम्स, आणि प्रत्येक फ्रेममध्ये एका आड एक ओळींची दोन अर्धी चित्रं, एकमेकांपासून सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर घेतलेली. संथ दृश्यात हे जाणवतही नाही. ढाक हा डाव मारला की पैलवानाच्या हातापायांच्या कडा कंगव्याच्या दात्यांसारख्या फाटतात. 'यादिफ'चा मोड 1 ठेवला, की प्रत्येक अर्ध्या चित्राची पूर्ण फ्रेम बनते आणि सेकंदाला 50 चित्रं हाती येतात. मग तक्त्यावरची वेळ बघून 'एसएस', म्हणजे कुठून सुरू करायचं तो पर्याय, द्यायचा, तोही इनपुट फाइलच्या आधी, म्हणजे अख्खी फाइल उलगडत बसावं लागत नाही. तिथून दोन सेकंद पीएनजीत काढायचे. त्या शंभर चित्रांत खांदे टेकलेले आणि वरच्या पैलवानाचा चेहरा कॅमेऱ्याकडे असलेलं एखादं सापडतंच. तेवढंच जेपेगमध्ये ठेवतो, दर्जाचा आकडा 'क्यू' दोनवर; तो जितका लहान तितकं चित्र चांगलं.

पुढचं काम तक्त्यांची स्क्रिप्ट सगळ्या फाइलींवर एकदम लावायचं. रात्री लावून ठेवणार, आणि तक्ते तालमीतल्या जुन्या पैलवानांना दाखवणार. कुठल्या चौकटीजवळ डाव पडला, हे त्यांना लगेच कळतं.