इंजेक्टर पहिल्यांदा निर्दोष निघाला, दुसऱ्यांदा नाही

माझी अबार्थ पुंटो २०१६ची. रांजणगावच्या कारखान्यातली, १.४ लिटर टी-जेट, कागदावर १४५ पीएस. २०२३मध्ये रिमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलली, आणि बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा जादा दाब) एक बारपर्यंत जाऊ लागला. (मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विमा कंपनी, दोघांच्या नजरेत हे प्रकरण सरळ नाही, याची मला कल्पना आहे.) दोन महिने मजेत गेले. मग ५५०० आरपीएमच्या पुढे गाडी अडखळायला लागली.

ट्यूनरने, म्हणजे रिमॅप करणाऱ्याने, वाइडबँडचा (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा दाखवला. फुल थ्रॉटलला लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, ०.८१च्या आसपास हवा, माझा ०.९०वर चढत होता. म्हणजे हवा भरपूर, पेट्रोल कमी. टर्बो गाडीत हे असंच चालू दिलं तर इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टन जायला वेळ लागत नाही. "दादा, इंजेक्टर लहान पडतायत. मोठे टाकू, विषय संपवू," तो म्हणाला. इंजेक्टर म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, दर सिलिंडरला एक. मी त्याच रात्री एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चारचा सेट मागवला.

गाडी नेली मामांकडे. मामा म्हणजे आमचे जुने मेकॅनिक. लॅपटॉपला हात लावत नाहीत, पण ऐकून घेतात. म्हणाले, "आधी नळाला पाणी येतंय का बघ, मग तोटी बदल."

तर आधी इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो ते बघितलं. फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र म्हणजे क्रँकचे दोन फेरे; ६००० आरपीएमला त्याला बरोबर २० मिलिसेकंद लागतात. गाडीच्या संगणकाच्या लॉगमध्ये पल्स, म्हणजे इंजेक्टर उघडा असण्याचा वेळ, दिसत होती १६.४ मिलिसेकंद. म्हणजे ड्युटी सायकल (चक्राचा किती हिस्सा इंजेक्टर उघडा) ८२ टक्के. साधारण ८५ला सावध व्हायचं आणि ९०च्या पुढे जायचं नाही, असा हिशेब असतो. मी काठावर होतो, पण बुडालेलो नव्हतो. इंजेक्टरच्या हातात अजून वेळ शिल्लक असताना मिश्रण पातळ होतंय, म्हणजे गडबड मागे कुठेतरी.

मामांनी रेलला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, प्रेशर गेज लावला आणि गाडी डायनोवर (जागेवरच चाकं पळवून लोड देणाऱ्या रोलरवर) चढवली. उभ्या गाडीत ३.५ बार. लोड आला तसा काटा हळूहळू खाली सरकत २.९वर येऊन थरथरत राहिला. पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर धरला तर तिथे व्होल्टेज ११.६. अल्टरनेटर चौदाच्या जवळ देत होता. मधले सव्वादोन व्होल्ट जुनी वायर आणि काळवंडलेली अर्थिंग खात होती. जाड वायर, नवा रिले, अर्थिंग घासून साफ. एवढंच. प्रेशर जागेवर राहिलं, लॅम्डा ०.८१वर आला, ड्युटी ७९वर उतरली. ऑनलाइन आलेला सेट उत्सुकतेपोटी फ्लो बेंचवर (प्रत्येक इंजेक्टर किती सोडतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) लावून बघितला, तर चार इंजेक्टरांत १२ टक्क्यांचा फरक. खोक्यावरचं नाव बडं होतं, आतला माल नकली. ट्यून चारांना मिळून एकच असतं. ज्या सिलिंडरला बारा टक्के कमी पेट्रोल मिळणार, तो वाइडबँडच्या सरासरीत दिसतही नाही. परत पाठवला. पैसे मिळायला तीन महिने आणि असंख्य ईमेल लागल्या.

दोन वर्षं इंजेक्टरचा विषय निघाला नाही. २०२५मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. मी मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) बसवून बूस्ट १.२ केला, आणि पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आलं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. ई-१०ला हवा आणि इंधनाचं प्रमाण साधारण १४.१ला एक, ई-२०ला १३.५ला एक. चार टक्के जास्त इंधन, बाकी काहीही न बदलता.

तिसरी गोष्ट मी आधी धरलीच नव्हती. माझ्या गाडीत रिटर्न लाइन, म्हणजे जास्तीचं पेट्रोल रेलमधून टाकीत परत नेणारी नळी, नाही. दाब राखणारा रेग्युलेटर टाकीत, त्याला बूस्टचा पत्ता नसतो. रेलमध्ये कायम ३.५ बार, आणि समोरून मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) बूस्ट इंजेक्टरच्या तोंडावर उलटा दाबतो. एक बारला निव्वळ दाब उरायचा २.५, आता १.२ला २.३. बूस्ट वाढला की इंधन जास्त लागतं आणि त्याच वेळी इंजेक्टरचा फ्लो घटतो. दुहेरी मार.

लॉग काढला. ६०००ला पल्स १८.८. चौऱ्याण्णव टक्के. हीच पल्स ६४०० आरपीएमला मागितली तर चक्रच तेवढ्या वेळाचं असतं, म्हणजे इंजेक्टर मिटायला जागाच नाही. गेज पुन्हा लावला, काटा ३.५वरून हलला नाही. मामा म्हणाले, "आता बदल."

मग मापाचा प्रश्न. ट्यूनर म्हणाला, एकदाच हजार सीसी (मिनिटाला एवढं पेट्रोल सोडणारे) टाका, पुढचं टेन्शन नको. पण तेवढ्या मोठ्या इंजेक्टरला आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) इतकी छोटी पल्स द्यावी लागते की त्याचं उघडणं-मिटणं नेमकं राहत नाही, आणि मला या गाडीने रोज हडपसरच्या ट्रॅफिकमधून जायचं असतं. कागदावर हिशेब मांडला. १८० एचपी, दर एचपीला ताशी ०.६ पौंड, म्हणजे ताशी १०८ पौंड, साधारण ६५ लिटर. चौघांत वाटलं तर मिनिटाला २७० सीसी. ८० टक्के ड्युटी धरली तर ३४०. इंजेक्टरचं माप ३ बारला दिलेलं असतं आणि मला २.३च मिळतो, म्हणून ३९०. ई-२०साठी थोडं वर. ४४० सीसी घेतले, या वेळी फ्लो रिपोर्ट हातात घेऊन.

बसवणं सकाळच्या दोन तासांचं काम. पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवली, म्हणजे रेलमधलं प्रेशर उतरतं. चौथा इंजेक्टर बसवताना ओ-रिंगला तेलाचं बोट लावायचं मी विसरलो आणि दाबून बसवला. इग्निशन ऑन केल्याबरोबर पेट्रोलचा वास. टॉर्च मारला तर रेलखाली एक थेंब, मग दुसरा. मामांनी काही न बोलता चावी काढून खिशात टाकली. रिंगच्या कडेचा केसाएवढा काप बोटाला लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता.

नवी रिंग टाकली, गाडी सुरू झाली, पण आयडलला गचके. फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणक स्वतःहून पेट्रोलमध्ये करतो ती टक्क्यांची दुरुस्ती, आयडलला अधिक अठरा आणि वरच्या आरपीएमला फक्त अधिक दोन. माप चुकलं असतं तर दोन्हीकडे सारखंच चुकलं असतं. फक्त खाली चुकतंय म्हणजे डेड टाइम, म्हणजे वीज मिळाल्यापासून सुई उचलेपर्यंतचा वेळ. ट्यूनरने जुन्याच इंजेक्टरचा तक्ता ठेवला होता. व्होल्टेजनुसार नव्याचे आकडे भरले, तसा आरपीएमचा काटा ८००वर स्थिर झाला.

आता ६०००ला पल्स १२.६, ड्युटी ६३, लॅम्डा ०.८०. जुने चार इंजेक्टर एक ते चार नंबर टाकून श्रीखंडाच्या डब्यात ठेवलेत. गाडी विकताना परत लावायचेत.