टोमॅटोवरची पांढरी माशी

कुंडीतल्या टोमॅटोला जरा हात लागला की पांढऱ्या बारीक माश्यांचा घोळका उठायचा आणि क्षणात परत पानांखाली जाऊन बसायचा. दसरा झाला, पाऊस उघडला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं, तशा आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या गच्चीवर त्या वाढतच गेल्या. माझे मामा शिरोळ भागात भाजीपाला करतात. त्यांना फोन लावला. "उडणाऱ्या माशीच्या मागं कशाला लागतीस? पान उलटं करून बघ की," ते म्हणाले.

बघितलं. खालच्या जुन्या पानांच्या मागं पिवळसर, चपटे ठिपके खवल्यासारखे चिकटून बसले होते. ही तिची पिल्लं. अंड्यातून निघाली की थोडीशी सरकतात आणि मग एका जागी सोंड रुतवून नुसता रस पीत राहतात. मुलाचं भिंग घेऊन पाहिलं, तर काही ठिपक्यांच्या आत दोन लाल डोळे दिसत होते. म्हणजे त्यातून माशी निघायच्याच बेतात. काही ठिपके म्हणजे माशी निघून गेल्यावर उरलेली पांढरी, चिरलेली टरफलं. त्याखालच्या पानांवर पिल्लांनी टाकलेला गोड चिकटा पडला होता आणि त्यावर काळी बुरशी धरली होती.

कृषी सेवा केंद्रात जोरदार औषधाची बाटली पुढं आली. मी घेतली नाही. घरातली पोरं येता-जाता टोमॅटो तोडून तसाच खातात, आणि ही माशी औषधांना लवकर सरावते हे मामांनी आधीच बजावलं होतं. मी निंबोळी तेल आणलं. कोमट पाण्यात थोडा मऊ साबण (धुण्याची पावडर नव्हे) विरघळवायचा, त्यात तेल घालून पाणी दुधी होईपर्यंत ढवळायचं, मग बाकीचं पाणी घालायचं. एका लिटरला 5 मिली तेल. आधी एकाच फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी पान करपलं नाही ना ते पाहिलं. फवारणी ऊन उतरल्यावरच, कारण उन्हात निंबोळीचा गुण लवकर जातो आणि पानंही भाजतात. पंपाचं तोंड खालून वर धरायचं. पानाच्या वरच्या बाजूला कितीही मारलं तरी पिल्लांना काही होत नाही. फवारणीच्या आदल्या दिवशी मी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पानांची खालची बाजू धुऊन घ्यायचे आणि ठिपक्यांनी भरलेली पानं काढून पिशवीत बांधून टाकायचे.

उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि झाडावर सगळ्या वयाची पिल्लं एकाच वेळी असतात. म्हणून एका फवारणीनं काही होत नाही. आठवड्याला एक, ती चुकवायची नाही. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून शेंड्याच्या जरा वर टांगला. त्यानं माशी संपत नाही, पण कमी होतीय की वाढतीय हे रोज कळतं.

आणि ती कमी होईनाच. कारण शेजारच्या काकूंच्या गच्चीत होतं. त्यांच्या भेंडीची आणि वांग्याची पानं उलटली, तर तिथंही तेच ठिपके. "अगं बाई, मला वाटलं पानावर धूळ बसलीय!" काकू म्हणाल्या आणि स्वतःच पंप हातात घेतला. तिथून पुढं दोन्ही गच्च्यांवर एकाच संध्याकाळी फवारणी. पुठ्ठ्यावरच्या माश्या त्यानंतरच ओसरल्या.

एका झाडाचा मात्र शेंडा आखडला, पानं बारीक होऊन वरच्या बाजूला वळली, फुलं गळायला लागली. मामांना फोटो पाठवला. "बोकड्या हाय. उपट." बोकड्या म्हणजे पानं आखडणारा विषाणूचा रोग. तो विषाणू पांढरी माशीच एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. फुलांनी भरलेलं झाड होतं, फार जिवावर आलं. गारव्यात माशी सुस्त असते म्हणून पहाटे गेले, सगळ्या झाडावर मोठी पिशवी चढवली, तोंड बुंध्याशी आवळलं आणि मग मुळासकट उपटलं. नाहीतर त्यावरच्या माश्या उडून शेजारच्या कुंड्यांत गेल्या असत्या.

बाकीच्या कुंड्यांना आता फळं धरली आहेत. आठवड्याची फवारणी चालूच आहे, आणि तोडलेला टोमॅटो नीट धुतल्याशिवाय पोरांच्या हातात देत नाही. पुढची रोपं मामांसारखीच 40 मेशच्या (म्हणजे एका इंचात 40 छिद्रं असलेल्या) बारीक जाळीखाली करणार आहे. काकूंनीही तीच जाळी मागवलीय.