तुम्ही विचारलेत म्हणून: अशा दिवसांत नाताळ कसला?

डिसेंबर जवळ आला की हा प्रश्न मला ठरलेलाच असतो. विचारणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले मित्र असतात, चर्चला येणे सोडलेले नातेवाईक असतात आणि अलीकडे आमच्या मंडळीतील तरुण मुलेही असतात. शब्द निरनिराळे असले तरी विचारायचे असते ते एकच: युक्रेन, गाझा, सुदान या ठिकाणांहून माणसे मेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत असताना ‘पृथ्वीवर शांती’ हे नाताळगीतातले शब्द तुमच्या तोंडून निघतात तरी कसे?

पूर्वी मी या प्रश्नाला घाईने उत्तर देत असे. युद्धे माणसे करतात, देव करत नाही, असे काहीतरी सांगून मी मोकळी होई. ते चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. पण मला कोणी देवाची वकिली करायला सांगितलेच नव्हते. प्रश्न गाण्याचा होता, आणि त्याचे उत्तर शोधायला मला ती जन्मकथाच पुन्हा, सावकाश वाचावी लागली.

बायबलमध्ये येशूचे चरित्र सांगणाऱ्या लेखकांपैकी लूक आपल्या दुसऱ्या अध्यायाची सुरुवात देवदूतांनी करत नाही, सरकारी हुकमाने करतो. कैसर औगुस्ताने नावनिशी करण्याची आज्ञा काढली आहे, आणि रोमच्या अमलाखालील प्रजेची नावनिशी म्हणजे कर बसवण्यासाठी केलेली मोजदाद, त्यामुळे दिवस भरत आलेल्या मरियेला, येशूच्या आईला, पती योसेफाबरोबर बेथलेहेमची वाट धरावी लागते. याच औगुस्ताच्या नावाने रोममध्ये शांतीची वेदी उभी होती, आणि आजच्या तुर्कस्तानात असलेल्या प्रिएने येथे सापडलेल्या इ. स. पू. 9 च्या शिलालेखात त्याचा जन्मदिवस जगासाठी सुवार्तेचा, म्हणजे आनंदाच्या बातमीचा, आरंभ असल्याचे कोरलेले आहे. म्हणजे शांती आणि सुवार्ता हे दोन्ही शब्द तेव्हा सम्राटाच्या मालकीचे झालेले होते. सैन्याच्या जोरावर टिकणाऱ्या शांतीचा असा गाजावाजा चालू असताना लूक तेच शब्द रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना ऐकवतो, आणि खूण म्हणून बाळंत्याने गुंडाळलेले, गव्हाणीत ठेवलेले एक मूल दाखवतो. ‘पृथ्वीवर शांती’ हे वाक्य जग शांत झाल्याची बातमी म्हणून कधी लिहिलेच गेले नव्हते. ते पहिल्यापासून सत्तेच्या दाव्याला दिलेले प्रत्युत्तर होते, हे ध्यानात आल्यावर माझे गाणे सोपे झाले नाही, पण खोटे वाटेनासे झाले.

येशूचा दुसरा चरित्रकार मत्तय, त्याच्या कथेत तर अंधार याहून दाट आहे. ताऱ्यामागून पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्योतिषी, भेटी देऊन परततात आणि लगेच योसेफाला रातोरात मूल व त्याची आई यांना घेऊन मिसर देशात पळून जावे लागते, कारण तेथला राजा हेरोद बेथलेहेममधील दोन वर्षांच्या आतील सर्व मुलगे मारायला निघाला आहे. (या हत्येची नोंद मत्तयाखेरीज समकालीन इतिहासात सापडत नाही, हे मान्य करायला हवे, पण हेरोदाने गादीच्या भयाने स्वतःचे मुलगे मारवले हे इतिहासकार योसेफसने सविस्तर लिहून ठेवले आहे, तेव्हा त्याच्या स्वभावाबद्दल मत्तयाने अतिशयोक्ती केली असे म्हणता येत नाही.) आपण गोठ्याचा देखावा मांडतो तेव्हा त्यात मेंढरे असतात, उंट असतात, तारा असतो, हेरोदाचे शिपाई मात्र कोणी मांडत नाही.

त्या हत्येनंतर मत्तय जे करतो, ते मला संपूर्ण जन्मकथेतील सर्वांत प्रामाणिक स्थळ वाटते. तो यिर्मया संदेष्ट्याचे जुने वचन पुढे आणतो, ज्यात इस्राएल लोकांची आद्यमाता राहेल बोलते आहे: रामा गावी आकांत ऐकू येत आहे, राहेल आपल्या मुलांसाठी रडत आहे आणि ती सांत्वन पावेना, कारण मुले नाहीत. यिर्मयाच्या ग्रंथात याच्या पुढच्याच वचनात परमेश्वर राहेलीला रडणे थांबवायला सांगतो आणि तिची मुले परत येतील असे वचन देतो. शास्त्र जाणणाऱ्या मत्तयाला ते ठाऊक नसेल हे मला पटत नाही. तरीही तो तिथेच थांबतो, आशेचे वचन उचलत नाही आणि राहेलीला रडू देतो. आम्ही श्रद्धावंत मात्र मयतघरी पोहोचून पाच मिनिटे झाली नाहीत तोच देवाची योजना समजावून सांगू लागतो. मीही ते केले आहे आणि समोरच्या बाईचा चेहरा बंद होताना पाहिला आहे.

चर्चच्या पंचांगालाही हे जुन्या काळापासून कळले होते असे दिसते. पाश्चात्त्य परंपरेत 25 डिसेंबरच्या दुसऱ्याच दिवशी दगडमाराने मेलेल्या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याचा, स्तेफनाचा, सण येतो आणि 28 तारखेला हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचा. सजावट उतरलेली नसते, आणि तेवढ्यात उपासनेत राहेल रडू लागते. आमच्यातील बहुतेकांना हे दिवस ठाऊकच नसतात, कारण आम्ही सण पहिल्या दिवशीच संपवून टाकतो.

2023 साली गाझातील युद्धामुळे खुद्द बेथलेहेममध्ये नाताळची रोषणाई आणि मिरवणुकीचा थाट रद्द झाला, आणि तेथील लूथरन चर्चने गोठ्याऐवजी सिमेंटच्या ढिगाऱ्यात बाळ येशूची मूर्ती ठेवली. ती छायाचित्रे पाहून सणात राजकारण आणल्याची तक्रार माझ्या ओळखीच्या काहींनी केली. मला तो त्या वर्षी मांडलेला सर्वांत शास्त्रशुद्ध देखावा वाटला. मात्र उपासना रद्द झाली नव्हती, आणि मला विचारलेल्या प्रश्नासाठी हाच तपशील महत्त्वाचा आहे. हिटलरला केलेल्या विरोधामुळे कैदेत पडलेले जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनीही 1943 च्या डिसेंबरात बर्लिनच्या तुरुंगातून आईवडिलांना लिहिले होते की, ज्या येशूला उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, जागा मिळाली नाही त्याचा जन्म कैद्याला इतरांपेक्षा अधिक चांगला समजतो.

एका गोष्टीची मला मनापासून चीड आहे, तीही सांगून टाकते. प्रत्येक युद्धाबरोबर आमच्यातील कोणीतरी नकाशा आणि बायबलमधील जगाच्या अंताविषयीचे प्रकटीकरणाचे पुस्तक उघडून बसतो आणि शेवटचा काळ मोजू लागतो. त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, हे येशूने स्वतः सांगितलेले असताना इतरांची मरणे ही आपल्या गणिताची आकडेवारी बनवणे मला श्रद्धेचे लक्षण वाटत नाही.

तुमची श्रद्धा डळमळत नाही का, हा उपप्रश्न उरतो. डळमळते. अशा वेळी मी बायबलातील 88 वे स्तोत्र वाचते, जे इतर बहुतेक विलापस्तोत्रे वळतात तसे शेवटी स्तुतीकडे वळत नाही आणि अंधारातच संपते. ज्यांनी स्तोत्रसंहिता जुळवली त्यांनी ते गाळले नाही, याचा मला मोठा आधार वाटतो, कारण त्याचा अर्थ असा की माझ्या अशा प्रार्थनेलाही मंडळीच्या पुस्तकात जागा आहे.

आणि गाण्याविषयी सांगायचे, तर आमच्या घरात मृत्यू घडला त्या वर्षीच्या नाताळात मी उपासनेला गेले खरी, पण पहिल्या गीताच्या दुसऱ्या कडव्यालाच माझा आवाज बसला. मी पुस्तक हातात धरून उभी राहिले. मागच्या बाकावरील एक वृद्ध गृहस्थ, बरेच बेसूर, ते कडवे शेवटपर्यंत गात राहिले. यंदा त्यांच्याच घरी दुःख आहे. ते येतील की नाही ते माहीत नाही, पण मी त्यांच्या पुढच्या बाकावर असेन.