ब्लेडखालचा एवढासा तुकडा

आज दिवसभर टर्बाइन ब्लेडचं कंपन डोक्यात, बाहेर बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात लेथचा आवाज आणि माझ्या स्क्रीनवर एकच ग्राफ. ब्लेडच्या प्लॅटफॉर्मखाली, म्हणजे पात्याच्या बुडाशी असलेल्या सपाट भागाखाली, धातूचा छोटा तुकडा बसवतात, रोटर फिरायला लागला की सेंट्रिफ्युगल फोर्सनं तो वर दाबला जातो आणि शेजारशेजारच्या दोन ब्लेडांना घासून कंपनाची एनर्जी उष्णतेत घालवतो. पण त्याचं वजन ठरवणं लई अवघड हो! हलका केला तर नुसता घसरतो, जड केला तर चिकटून बसतो, मग डॅम्पिंग (कंपन शमवणं) जवळजवळ नाहीच, उलट ब्लेड कडक झाल्यामुळं रेझोनन्स, म्हणजे जिथं कंपन सगळ्यात जास्त वाढतं तो बिंदू, वरच्या फ्रिक्वेन्सीला सरकतो. मधल्या कुठल्यातरी वजनाला कंपनाचं पीक (ग्राफवरचं सर्वात उंच टोक) सगळ्यात खाली येतं, ते आज ग्राफवर स्पष्ट दिसलं आणि खरंच भारी वाटलं. ब्लेडला हलवणारा फोर्स दुप्पट केला म्हणून कंपन दुप्पट होत नाही, साधं लिनिअर गणित इथं चालतच नाही, हार्मोनिक बॅलन्स (कंपन साइन लाटांची बेरीज धरून सोडवायची पद्धत) लावून परत परत सोडवावं लागतं.

संध्याकाळी मित्राला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, घर्षणाचा आकडा कुठनं घेतलास?" मुद्द्याचं विचारलं त्यानं. तापमान बदललं, झीज झाली की तो आकडाही हलतो, म्हणून उद्या एकाच आकड्यावर न थांबता पूर्ण रेंजचे रन लावणार.