वाकळीचे थर

आमच्या घरात आजीच्या हातची एक वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी, आहे. ज्या इरकली लुगड्यांची ती मुळात शिवली गेली, ती मात्र आता दिसत नाहीत. कारण खालच्या अंगाला आजोबांचे धोतर आहे आणि वरच्या अंगाला आईचे सुती पातळ. वाकळ विरली म्हणून कोणी ती उसवत नाही, तिच्यावर आणखी एक थर पसरून पुन्हा टाके घालतात. औसा तालुक्यातल्या आमच्या घरातली तीन माणसे अशी या एका पांघरुणात सामावली आहेत, आणि भिजलेली वाकळ उचलायला आता दोघे जण लागतात.

हे काम सुगी सरल्यावर, उन्हाळ्याच्या दुपारी चाले. सारवलेल्या जमिनीवर जुनेर पसरून, सुरकुत्या काढून आधी लांब कच्चे टाके घालत आणि मग कडेपासून चौकोनी फेरे घेत धावदोऱ्याने मध्यापर्यंत येत. गल्लीतल्या बायका आपापली सुई घेऊन येत, त्यामुळे प्रत्येकीचा हात ओळखू येई. आजीचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. काकूचा त्याच्या दुप्पट. धोतराच्या एका कोपऱ्यात मात्र आजीचेही टाके वाकडे गेले आहेत, कारण तोवर तिला मोतीबिंदू झाला होता आणि सुई आम्ही नातवंडे ओवून देत होतो. मला तिच्या फोटोपेक्षा हा कोपरा जवळचा वाटतो. फोटोत ती उगाच रागावल्यासारखी दिसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक नुकतेच निजलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. आजोबा त्यात गेले. ढिगाऱ्यातून वाकळ निघाली, तेव्हा तिच्या टाक्याटाक्यात माती बसली होती. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याची, म्हणजे दसरा काढण्याची, आमच्याकडे रीत आहे. त्या वर्षी आमच्यात कोणी दसरा काढला नाही. पुढच्या वर्षी तेरणेच्या पाण्यात आजीने ती वाकळ स्वतः तुडवली, दुसऱ्या कोणाला बडवू दिली नाही.

गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, असे भावकीतल्या जाणत्यांचे म्हणणे होते. "त्यांच्या अंगावरलं हाय, कुठं देऊ?" एवढेच आजी म्हणाली आणि तिने धोतर वाकळीला लावले. आई गेली तेव्हा काकूने कोणालाही न विचारता तेच केले.

आता शहरातल्या प्रदर्शनांत कोऱ्या कापडाच्या, मशीनवर शिवलेल्या देखण्या गोधड्या मिळतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही, पण त्यांच्या आत कोणी नाही.

आईचे पातळही आता मध्यभागी विरले आहे. धाकट्या भावाला वाटते की एवढ्या आठवणींची वस्तू ट्रंकेत जपून ठेवावी. मला ते पटत नाही. एकाच घडीवर वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले सुती कापड त्या घडीवरच तुटते, आणि बंद ट्रंकेत दमट वास धरते तो वेगळाच. त्यापेक्षा वाकळ पांघरावी, उन्हात टाकावी, दसऱ्याला धुवावी आणि विरली की तिच्यावर नवे जुनेर घालावे. वाद एवढाच उरला आहे की पुढचा थर कोणाच्या कपड्यांचा घालायचा, कारण काकू म्हणते, "माझं लुगडं मी जितेपणीच घालणार, आन्‌ टाकेबी मीच घालणार."