बोट येत नाहीये

आज पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग तर्जनी. दर वेळी काच पुसली, बोट पुसलं, दाबून धरलं. शेवटी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, बोट येत नाहीये." पोरगी चांगली आहे, आवाजात जराही वैताग नव्हता. तरी ते वाक्य माझ्याबरोबर घरापर्यंत आलं. गेल्या नोव्हेंबरात रांगेत अप्पा होते, यंदा नव्हते. असो.

असं का होतं ते मला कळतं. बोटाच्या कातडीवर बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये चर. उंचवटा काचेला टेकतो, चर टेकत नाही, त्या फरकातून यंत्राला ठसा दिसतो. वय झालं की कातडी पातळ आणि कोरडी होते, उंचवटे बसत जातात, वर आडव्या सुरकुत्या पडतात. त्यात आम्हा फिटर लोकांची बोटं आयुष्यभर कानशीवर आणि पॉलिश पेपरवर घासलेली, वर रॉकेलने धुतलेली. चुन्या-सिमेंटात राबलेल्यांचं हेच, जन्मभर धुणीभांडी केलेल्या बायकांचंही हेच. शिवाय दाखला द्यायचा नोव्हेंबरात, नेमकी हवा कोरडी पडते तेव्हा.

हे सगळं कळूनही मन शांत होत नाही. शाफ्टवरून अंगठा फिरवला की बर, म्हणजे कापलेल्या धातूच्या कडेला उरलेली बारीक धार, कुठे राहिलीय ते याच बोटांना कळायचं. फट मोजायच्या फीलर गेजचं 0.05 मिमीचं पान कुठे अडतं आणि कुठे सैल जातं, ते डोळ्यांच्या आधी बोटं सांगायची. आज त्यांना एवढंही सांगता आलं नाही की हा माणूस तोच आहे. पेन्शन थांबेल याची भीती नाही वाटली. दाखला राहिला तर पेन्शन थांबते आणि दिला की थकबाकीसकट पुन्हा सुरू होते, हे ठाऊक आहे. लागलं ते दुसरंच काहीतरी. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हाही मनाला इतकं लागलं नव्हतं.

ज्यांना अजून जायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. आठवडाभर आधीपासून रात्री बोटांच्या पेरांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळा. जायच्या दिवशी मात्र तेल लावू नका, काचेवर नुसता डाग उमटतो. कोमट पाण्याने हात धुऊन कोरडे करा, आणि बोट फारच सुकं वाटलं तर एकदा कपाळावरून फिरवा, तिथला ओशटपणा पुरतो. बोटाचं टोक टेकवू नका, पेराचा सपाट भाग ठेवा. जोर लावू नका, जोराने उरलेसुरले उंचवटेही चेपतात. मी आज तेच केलं बहुतेक. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात, तेव्हा अंगठ्यावर अडून न राहता डाव्या हाताचं मधलं बोट, अनामिका लावून पाहा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं असेल तर कितीही घासा, ठसा लागणार नाही. ते आधी उघडा.

आणि बोट नाहीच आलं तर तिथून तसंच परत फिरू नका. अधिकाऱ्यासमोर सही करून द्यायचा कागदी दाखला आजही चालतो. तो मागून घ्या. पोस्टमनही घरी येऊन करून देतो, 70 रुपयांत. ऐंशी पूर्ण झालेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यांनी नोव्हेंबरच्या गर्दीत उभं राहू नये.

माझं काम संध्याकाळी चेहऱ्यावर झालं. शेजारचा मुलगा आला, फोनवर दाखल्याचं जीवन प्रमाण आणि चेहरा ओळखणारं आधार फेस आरडी ही दोन्ही ॲप घातली. पहिल्या खेपेला ज्याच्या हातात फोन त्याचा चेहरा, मग माझा. आधार नंबर, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, खाते नंबर, मोबाइलवर ओटीपी. "काका, चष्मा काढा. उजेडाकडे तोंड करा. आता डोळे मिचकवा." पहिल्यांदा नाही झालं, खिडकी पाठीमागे होती. खुर्ची फिरवून बसलो आणि दुसऱ्यांदा झालं. प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबराचा मेसेज आला. तो नंबर हिने वहीत उतरवून घेतला, बँकेने दाखला नाकारला तर शोधायला लागतो.

म्हणजे चेहरा अजून चालतो आहे. त्यावर इतक्या सुरकुत्या, तरी ओळख पटली. बोटांचे नवे ठसे आधार केंद्रावर पुन्हा देता येतात, डिसेंबरात गर्दी ओसरली की जाईन. नाही आले तर नाही. झिजायच्याच कामाला लावली होती ती, झिजली.

रात्री हिने नवा स्टीलचा डबा धुवायला काढला. झाकण पुसताना सवयीने काठावरून अंगठा फिरवला. एका जागी बर होती, केसाएवढी. हिला दाखवली तर दिसेना. म्हटलं, दिसणार नाही, थांब. बारीक कानस काढली, चार हात मारले, पुन्हा अंगठा फिरवून पाहिला आणि डबा तिच्या हातात दिला.